दुपारचं पाजणं

२० जानेवारी, शनिवार

मोसेचं वजन नऊ किलो सहाशे. धक्क्याजवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला काट्यावर दोनदा बसवून आकडा पक्का केला आणि वर्षाच्या मुलाला हे वजन उत्तम आहे असंही सांगितलं. पुढचे सहा दात आले आहेत आणि ते सगळे तो माझ्यावरच वापरतो. बोटीत एकदाही ओकला नाही. शेजारच्या बाईचा सात वर्षांचा घोडा माझ्या बॅगेवर ओकला.

तर राजधानी आपिया सोडून आलो सवाई बेटावर. नवी शाळा, नवं गाव, सासर. नवरा, सेमिसी, न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलाय, जुलैपर्यंत यायचा नाही; म्हणजे सासूबाई एतेवीसे आणि मी. हवा छान आहे, समुद्र हाकेवर. घर चारी बाजूंनी उघडं, खाली चटया, दारात घरच्यांची चार थडगी. पांढरी फरशी, वर पत्रा, त्यावर सासूबाईंच्या चादरी वाळत होत्या. तीन थडगी मोठी, चौथं टोपलीएवढं.

मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलंय की अंगावरचं मूल शाळेत चालणार नाही. शाळा एकोणतीसला. नऊ दिवसांत मोसेचं दूध तोडायचं. मला पुरेत. आपियाहून तक्ता करूनच आणलाय, खांबाला चिकटवला: सकाळ, दुपार, संध्याकाळ, निजताना. दर दोन दिवसांनी एक चौकोन खोडायचा. आधी दुपार.

सासूबाईंनी तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मास्तरीणबाई, हे पोराला वाचता येतं का?"

त्यांची रीत अशी, की मूल चार दिवस वरच्या वाडीत त्यांच्या भाचीकडे, फुआतिनोकडे पाठवायचं. आईने नजरेला पडायचं नाही, वाऱ्यावरसुद्धा तिचा वास जाता कामा नये. चौथ्या दिवशीची दुपार टळली की मूल विसरलं. आणि पिळून काढलेलं दूध स्वयंपाकाच्या भट्टीतल्या गरम दगडांवरच टाकायचं, दुसरीकडे कुठेही नाही. कारण मी विचारलं नाही. इथे एका गोष्टीचं कारण विचारलं की पणजोबांपासून सुरुवात होते.

२१ जानेवारी, रविवार

दुपारचं पाजणं बंद. शाळेच्या आवारात गॅसची रिकामी टाकी टांगली आहे, तीच गावाची घंटा. बाराचे टोले पडले आणि मोसेने सूर लावला. दहा मिनिटं रडला. घर भट्टीसारखं तापलेलं, म्हणून त्याला दारातल्या कडेच्या मोठ्या थडग्यावर चटई टाकून निजवलं. पत्र्याच्या सावलीत ती फरशी गार असते. बघता बघता गप्प झाला.

छाती ठणकत होती. वाटीभर दूध काढलं आणि त्या लहान थडग्याच्या डोक्याशी जे लाल फुलांचं झुडूप आहे, त्याच्या मुळाशी ओतलं. एका वाटीसाठी दगड तापवत बसायला मी काही नवऱ्याच्या घरी भांडी घासायला आलेली सून नाही.

गंमत वाटते ती इथल्या वाट्यांची. शेजारणीने शिजवलेला टारो, अळूसारखा कंद, पाठवला, सासूबाईंनी त्याच ताटलीत लगेच माशाचा डबा परत पाठवला. तिने पपई पाठवली, यांनी साबण. कोणाचंच भांडं रिकामं जात नाही आणि कोणाकडे काही उरतही नाही. दिवसभर नुसती भांडी फिरतात. विचारलं तर म्हणाल्या, "घेऊन गप्प बसतं ते जनावर."

२३ जानेवारी, मंगळवार

तक्ता चाललाय. बाराला मोसे रडत नाही. टोले पडले की रांगत स्वतःच त्या फरशीवर जातो आणि आडवा होतो. सासूबाईंना मुद्दाम दाखवलं. त्या म्हणाल्या, शहाणा आहे, आजोबांवर गेलाय. तक्त्याचं श्रेय आजोबांना!

आजपासून सकाळचंही बंद. दूध त्याच झुडपाला. दोन दिवसांत केवढं फुललंय.

खाणं मात्र नाही. कोकोतला भात थुंकला, पपई थुंकली, केळ्याची खीर माझ्या अंगावर.

२५ जानेवारी, गुरुवार

आज वजन दहा किलो दोनशे. पाच दिवसांत सहाशे ग्रॅम, तेही काही न खाता. नर्सबाई डोळे मोठे करून म्हणाल्या, "काय भरवताय काय याला?" मी म्हटलं, आधी तुमच्या काट्याला कोणीतरी तपासा.

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दुपारी दुधाची पांढरी रेघ असते. काल रात्रीचं दूध वर येत असणार. मुलं ओकतात.

२७ जानेवारी, शनिवार

चारही चौकोन खोडले! सात दिवसांत, पहिली दुपार सोडली तर एकही अश्रू न सांडता. छाती बांधून ठेवली होती, तीही मऊ पडली. एक थेंब येत नाही. सासूबाईंना म्हटलं, तुमच्या फुआतिनोला सांगा की पाहुणा येत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोर आईला विसरलं तरी आईजवळ येतं गं, हा येत नाही.

खरं आहे. उचललं की अंग ताठ करतो. स्वावलंबन म्हणतात याला, पण ते इथे कोणाला सांगणार?

२८ जानेवारी, रविवार

चर्चनंतरच्या जेवणाला सगळं कुटुंब जमलं. टारो, नारळाच्या दुधातली पानं, डुक्कर. मोसेच्या तोंडासमोरून दहा बायकांचे घास फिरले, त्याने एकही घेतला नाही. फुआतिनो म्हणाली, "वहिनी, याचं पोट तर ढोलासारखं लागतंय. कुठे जेवून आलाय हा?" सगळ्या हसल्या. मीही.

निजवताना त्याच्या तोंडाला वास आला. दुधाचाच. पण माझ्या दुधाचा वास मला माहीत आहे. हा गोड होता आणि ओल्या मातीसारखा.

२९ जानेवारी, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. चौथीच्या वर्गाला पाढे येत नाहीत, शिक्षकांनाही येत असतील असं वाटत नाही.

दोनला घरी आले तर सासूबाई चुलीपुढे नुसत्याच बसलेल्या. चूल विझलेली. मान वर न करता त्यांनी विचारलं, दूध कोणत्या दगडांवर टाकत होतीस. मी सांगितलं, झुडपाला. कोणत्या झुडपाला? मी बोट दाखवलं.

त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. मला तेच आवडलं नाही.

३० जानेवारी, मंगळवार

आज त्यांनी सांगितलं. मोठ्या थडग्यांतलं कडेचं लांगीचं, सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीचं. तिला मुलगा झाला. त्याने तिच्या अंगावर तोंडच धरलं नाही आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. लहान थडगं त्याचं. ती अकराव्या दिवशी गेली, तापाने, दगडासारख्या छातीने. दूध होतं आणि पिणारं नव्हतं. तेव्हापासून या घरात कोणी दूध तोडलं की ते दगडांवर जाळतात, त्या दोघांना वास लागू नये म्हणून.

"तू सात दिवस तिच्या पोराला पाजलंस, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "लांगी या घरातली आहे. ती भांडं रिकामं परत पाठवेल का?"

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. अडाणीपणाला उत्तर देत बसू नये. मुलाला मुदतीत दूध तोडता आलं हे यांना पाहवत नाही, एवढंच.

३१ जानेवारी, बुधवार

वर्ग मुलांवर सोडून बाराच्या आधी घरी आले, फक्त त्यांना खोटं पाडायला.

टोले पडले. मोसे फरशीवर गेला. कुशीवर झाला. ऊन कडक, सगळं स्वच्छ दिसत होतं, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. घशाखाली घोट उतरत होते, मी मोजले, नंतर मोजवेना. आणि गाल. त्याचा गाल दबलेला होता. कशावर तरी घट्ट टेकला की गाल दबतो, तसा. समोर काहीही नव्हतं.

मी ओढून उचललं त्याला. तोंड सुटल्याचा आवाज आला.

त्याच्या हनुवटीवरून दूध —

१ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेत गेले नाही.

सासूबाई सकाळी थडग्यावर जाऊन बसल्या आणि धाकट्या नणंदेला झापावं तशा लांगीला झापत होत्या. अगं लांगी, पुरे झालं, फेड झाली. ही मास्तरीण मूर्ख आहे, गाढव आहे, पण पोर तिचंच आहे. तू तुझं सांभाळ. मग रडल्या.

मला म्हणाल्या, परत तुझ्या अंगावर लाव त्याला. तो काही खात नाही, तुझं दूध घेईल तरच तिचं सुटेल. पण माझ्याकडे आहे काय? मीच बांधून सुकवलं, बक्षीस मिळवल्यासारखं. त्यांनी कोवळ्या नारळाची लापशी केली, बाळंतिणीला देतात ती. तीन वाडगे संपवले. याच लापशीला मी आपियात गावठी चिकट खळ म्हणायचे.

मोसेला जवळ घेतलं. त्याने माझ्या छातीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तक्त्याप्रमाणे.

तक्ता फाडून चुलीत घातला.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याला घेऊन वरच्या वाडीत, फुआतिनोकडे. सासूबाईंचीच रीत: चार दिवस, नजरेआड, वासाआड. आजचा दिवस धरून सोमवारी चौथा. सोमवारची दुपार टळली तर सुटला, असं त्यांनी ठामपणे सांगितलंय. त्या खाली राहिल्या आहेत, राखण करायला.

मी विचारलं, जिवंत आईला लांब राहा म्हणून सांगता येतं, हिला कोण सांगणार? त्यांनी मोसेचे कपडे माझ्या बॅगेत भरले. वाद मी पहिल्यांदाच जिंकले, आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

बाराला मोसेने किंकाळी फोडली. रडला, रडला. किती बरं वाटलं. रडतोय म्हणजे पीत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

रडतोय. पाणी घेतो चमच्याने. मला बोचकारतो. गाल उतरले.

लापशी, लापशी, लापशी. संध्याकाळी छातीत कळ आली. दोन थेंब. फुआतिनो ओरडली, वहिनी, जमिनीवर सांडू नकोस! थेंब कपड्याने टिपले आणि तो कपडा भट्टीच्या दगडांवर जाळला. कारण विचारलं नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

दूध भरलंय. कुरता भिजतो. तो घेत नाही. सहा दातांनी चावतो आणि सोडतो, रक्त आलं.

मी आणि फुआतिनो पाळीपाळीने जाग्या. माझी पाळी संपतच नाही. आवाज घोगरा झालाय त्याचा, पण रडतोय. रडू दे.

सासूबाईंचा निरोप आला. लांगीच्या फरशीवर काही नाही. लहान थडग्याशी माती उकरल्यासारखी झालीय, कुत्रं असेल. त्या उद्या साडेबाराच्या बसने वर येतायत, आम्हाला न्यायला.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज चौथा. आता साडेअकरा असतील. बारा टळले की झालं.

डोळा लागला माझा. बसल्या बसल्या, खांबाला टेकून. मोसे मांडीशी झोपला होता.

जाग आली ती ओढीने. पितोय! लुंगी अंगावर होती माश्यांसाठी, तिच्याखाली शिरलाय आणि पितोय. उजव्या हाताने लिहितेय, डावा त्याच्या पाठीखाली. हलत नाही मी. केवढं जोरात ओढतोय. कोणाला हाक मारू? मारत नाही, सोडेल.

सासूबाईंना सांगेन, तुम्ही बरोबर होता. पायावर डोकं ठेवून सांगेन.

किती हलका झालाय, चार दिवसांत. हाताला लागतच नाही. गार आहे, घाम वाळला असेल. आणि शहाणा, आज चावत नाही. एकही दात लावत नाही. नुसत्या मऊ हिरड्या —

खालून शाळेचे टोले ऐकू येतायत, पुसट. बारा.

अंगणात फुआतिनो कोणाला तरी आंघोळ घालतेय. थांब रे, झालं, झालं, असं म्हणतेय. घोगरं रडणं. ओळखीचं. ती त्याला घेऊन इकडेच येतेय, वहिनी उठलीस का म्हणून विचारतेय, मोसे भुकेला आहे म्हणतेय —

मांडीशी चटई रिकामी आहे.

लुंगी उचलत नाही. ती दारात येईपर्यंत उचलणार नाही. हिरड्या घट्ट —