पान सतरावरच्या शेळ्या

सावेडी, अहिल्यानगर
१३ जानेवारी २०२५

चि. माधव यास,
अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे तूर्त राखून ठेवले आहेत.

रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. ही वेळ नीट लिहून ठेव. या वेळी मी, तुझी सख्खी थोरली बहीण, तुमच्या मिरजगावच्या वाचनालयात काचेच्या कपाटासमोर उभी होते. कपाटाला कुलूप होतं. आणि आत, मी तुझ्या नातीसाठी चौदा महिने खपून काढलेलं पुस्तक उघडं मांडून ठेवलं होतं. पान सतरा. त्यावर वाचनालयाचा पुरीएवढा जांभळा शिक्का.

त्या पुस्तकाची जगात एकच प्रत आहे, हे तुला माहीत होतं. मैत्रेयीला गणिताची धास्ती आहे, परीक्षेच्या दिवशी पोट दुखतं, असं तूच मला कळवलंस. म्हणून मी या वयात रंगपेटी विकत घेतली. गोष्टीतल्या रंगुबाईला मोजता येत नाही. सकाळी एकेक शेळी वाड्यातून बाहेर पडली की ती एकेक खडा ओच्यात टाकते आणि संध्याकाळी एकेक आत आली की एकेक खडा काढते. पान सतरावर संध्याकाळ होते. खडे चोवीस, शेळ्या तेवीस. एक खडा उरतो. वजाबाकी म्हणजे काय ते मुलाला तिथे कळावं, पाठ करून नव्हे, रंगुबाईबरोबर काळजी करून. पुढच्या पानावर ती शेळी सरपंचांच्या मांडवात हार खाताना सापडते. आता त्या तेवीस शेळ्यांपैकी काही तुमच्या शिक्क्याच्या पोटात आहेत. चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, पण शिक्का हा प्राणी शेळ्या खातो हे मला निवृत्तीनंतर कळलं.

किल्ली मागितली, तर ग्रंथपाल रामहरी ती खिशात घालून कर्जतला लग्नाला गेलेले. तू चहा विचारलास. मैत्रेयी कुठे म्हटलं, तर शेजारी खेळायला. चार तास शेजारीच होती. मी परतीच्या एसटीत बसले तरी ती शेजारीच.

कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला तक्रारीचं पत्र शिकवत. आधी तारीख आणि वेळ, मग अन्याय, मग मागणी, शेवटी मुदत. मध्ये कुठेही रडणं नको. तेव्हा माझी मागणी अशी, की पुस्तक कपाटातून काढून ज्या मुलीचं आहे तिच्या हातात द्यावं आणि ते तिथे गेलंच कसं याचा लेखी खुलासा शनिवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्याकडे पोचावा. मोबाईलवर जोडलेले हात पाठवू नयेस. त्यांना मी उत्तर समजत नाही.

लोभ आहे, पण तोही सध्या कुलपात आहे असं समज.
शोभाताई


मिरजगाव
२० जानेवारी २०२५

ती. शोभाताईस,
माधवचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दारातच वाचलं, त्यामुळे पोस्टमन उगाच माझ्याकडे दयेने बघत उभा राहिला. सोबत तिळगूळ पाठवतो आहे. तो खाऊन पुढचं वाच.

शिक्क्याचं म्हणशील, तर त्यात माझा वैयक्तिक द्वेष काही नाही. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो (तुझा ४११७) आणि शिक्के बसतात तीन. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि सतराव्या पानावर. सतरावं हे आमचं गुप्त पान. कोणी मुखपृष्ठ फाडून पुस्तक लांबवलं, तरी सतरावं पान उघडलं की चोर सापडतो. वाचनालय निघालं तेव्हापासूनचा रिवाज आहे. आजवर शेकडो नायक-नायिकांनी सतराव्या पानावर शिक्का सोसला, कोणी तक्रार केली नाही. तिथे शेळ्या उभ्या असतील हे मला कसं कळणार? कार्यवाह म्हणून शिक्के मीच मारतो, आणि हात सवयीचा आहे.

काचेआड ठेवायचं कारण पुढच्या महिन्यातली वाचनालयाची सरकारी तपासणी. हाताने लिहिलेलं, रंगवलेलं पुस्तक आपल्याकडे आहे याचा रामहरीला फार अभिमान आहे. येईल त्याला कपाटापुढे नेतो. कानिफनाथच्या मुलीला, दिशालाही नेलं. कानिफनाथ म्हणजे वेशीजवळचा, शेळ्या पाळणारा. दिशाने काचेला नाक लावून मोजलं आणि म्हणाली, की आजोबा, खडे चोवीस हायत अन् शेळ्या वीसच, ही बाई लई निष्काळजी दिसती. मी तिला तू कोण ते सांगितलं नाही. तुझ्या अब्रूसाठी नव्हे, तिच्या जिवासाठी.

मैत्रेयी ठीक आहे. अभ्यास चालू आहे.

गुडघ्यांना जप. तुझी माया आहे तशीच असू दे, शिक्का न मारता.
तुझा,
माधव


सावेडी
२४ जानेवारी २०२५

चि. माधव यास,
आशीर्वाद, मोजून.

तिळगूळ पोचला. कडक आहे. गोड बोलण्याचा तुझा प्रयत्नही साधारण तसाच आहे.

तुझ्या पत्रात सव्वा पान शिक्का, अर्धं पान शेळ्या आणि मैत्रेयीवर सहा शब्द. मी मोजले. लहानपणी बरणीतले लाडू संपवून तू मला सांगायचास, की बरणी ठीक आहे, झाकण चालू आहे. तेव्हाही मला कळायचं. मी तुला शिक्का का मारलास असं विचारलंच नव्हतं. पुस्तक वाचनालयात गेलंच कसं, असं विचारलं होतं. घरातल्या मुलीला दिलेलं पुस्तक पायाने चालत गेलं का?

त्या दिशाबाईंना निष्काळजी बाईचा निरोप सांग. उघड्या दिसतात वीस, शिक्क्याखाली आहेत तीन, एकूण तेवीस. मी तीन वेळा मोजून काढल्या आहेत आणि माझं मोजणं आजवर चुकलेलं नाही. शिवाय मोजायचं कसं, ते चौथ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे. शेळ्या मोजताना शेळ्याच मोजाव्यात. कुत्री, कोंबड्या आणि पाहुणे मोजू नयेत.

आता एका ओळीत उत्तर दे. मैत्रेयीने पुस्तक वाचलं का? मुदत उद्या संपते. तुझ्या वयाकडे पाहून आठ दिवस वाढवते आहे.

प्रेमात कमी नाही, भरवशात आहे.
शोभाताई


मिरजगाव
३० जानेवारी २०२५

ती. शोभाताईस,
साष्टांग नमस्कार.

एका ओळीत उत्तर. नाही वाचलं. उघडलंही नाही.

पुस्तक आलं तेव्हा ती आनंदाने धावत आली होती. गणिताचं आहे म्हटल्यावर थांबली. आत्याआजीने केलंय म्हटल्यावर पोट धरून बसली. तीन आठवडे ते फ्रीजवर होतं. फ्रीज उघडायचा झाला तर ती आईला हाक मारायची. शेवटी मीच ते वाचनालयात नेलं. इतक्या खपून केलेल्या पुस्तकाला घरात धूळ खाऊ द्यायला मन होईना, आणि तुला खरं कळवायलाही होईना. तू आलीस त्या रविवारी ती शेजारी खेळत नव्हती. शेजारी लपली होती.

तुला आठवत असेल, आमचा वरद नऊ वर्षांचा होता. मे महिन्याची सुटी, घरात पाहुणे, आमरसाची पंगत. तू त्याला सतराचा पाढा विचारलास आणि तो सतरा आठेला अडला. येईपर्यंत ओट्यावर उभा राहा, असं तू म्हणालीस. पंगत उठली, पातेलं घासायला गेलं, तरी तो उभाच होता. आज तो एकेचाळीस वर्षांचा आहे, स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवतो, पण मैत्रेयीच्या गणिताच्या वहीवर न उघडता सही करतो. ही गोष्ट त्याने तिला गंमत म्हणून सांगितली, अगदी तुझा आवाज काढून. तो हसला. ती हसली नाही. तेव्हापासून तिच्या लेखी आत्याआजी म्हणजे तो ओटा.

हे तुला लागेल म्हणून सहा शब्दांत उरकलं होतं. रागव.

दुसरी बातमी अशी, की दिशाने रोज येऊन काचेवर नाकाचे ठसे उमटवल्यामुळे रामहरीने हार मानली आणि पुस्तक टेबलावर काढून ठेवलं. संध्याकाळी पाच-सहा पोरं त्याभोवती भांडत असतात. तू तीन म्हणतेस हे मी सांगून पाहिलं. दिशा म्हणते, बघितल्याबिगर कसं म्हणायचं? मग तिने शाळेत जाहीर केलं, की मैत्रेयीच्या आत्याआजीला शेळ्या मोजता येत न्हाईत. मैत्रेयीने ते तिथेच ऐकलं. तेव्हापासून माझं भिंग सापडत नाहीये.

तुझा लोभ मागायला आज जीभ रेटत नाही, तरी मागतो.
माधव


सावेडी
४ फेब्रुवारी २०२५

चि. माधव यास,
आशीर्वाद. सगळे.

मुदत मागे घेते. खुलासा पोचला, आणि चांगला खणखणीत पोचला. तुझी वाक्यरचना सुधारली आहे.

मला तो दिवस आठवतो. तुला वाटतं त्याहून जास्त आठवतो. सगळे झोपल्यावर वरदने मला सतरा आठे किती ते सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. मी फक्त उतर म्हणाले. बरोबर, असं म्हटलं नाही. आमच्या सिस्टरही म्हणत नसत. त्यामुळे न म्हणणं हेच शिक्षण, असं मी चौतीस वर्षं धरून चालले आणि त्याबद्दल निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं.

पुस्तक तिथेच राहू दे. त्या दिशाला वाचू दे, वाटेल ते म्हणू दे. मैत्रेयीला काही विचारू नकोस आणि मी विचारलं असंही सांगू नकोस. मी येणार असले की तिला आधी कळवत जा, म्हणजे बिचारीला लपायला नीट वेळ मिळेल.

वरदसाठी हवाबंद आमरसाचा डबा पाठवते आहे. बत्तीस वर्षं उशीर झाला, त्याचं खापर पोस्टावर फोडू नये.

शोभाताई


मिरजगाव
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि. (असंच लिहायचं असतं म्हणे.)

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटे. या वेळी मी, दिशा आणि रामहरीकाका वाचनालयाच्या पश्चिमेच्या खिडकीशी उभे होतो. तक्रार कशी लिहायची ते मी तुमच्या पत्रांतून पाहिलं. आजोबा ती चष्म्याच्या घराखाली ठेवतात.

मी पान सतरा उन्हासमोर धरलं आणि भिंग लावलं. शिक्क्याखालची चित्रं दिसली. एक, दोन, तीन. मी जोरात ओरडले, की तेवीस झाल्या, माझ्या आत्याआजीचं बरोबर आहे. रामहरीकाकांनी मला वाचनालयात शांतता पाळायला सांगितलं. पण दिशा म्हणाली थांब, तिसरीची शेपटी बघ. शेळीची शेपटी वर असती, हिची खाली हाय, ही मेंढी हाय. मी म्हटलं, शिक्क्याच्या वजनाने खाली गेली असेल. मग दिशा तिच्या आजीला, बनुबाईंना, घेऊन आली. त्यांनी पन्नास वर्षं शेळ्या राखल्या आहेत. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, मेंढीच हाय, अन् तीबी लंगडी. ह्या बाईनं शेळी कंदी जवळून पाह्यली का? मी पाहिली असेल म्हटलं.

तुम्हीच चौथ्या पानावर लिहिलं आहे, की शेळ्या मोजताना शेळ्याच मोजाव्यात. म्हणजे शेळ्या बावीस. खडे चोवीस. चोवीसातून बावीस गेले दोन. त्यातली एक शेळी पान अठरावर हार खाते. मग दुसरी कुठे आहे? मी सगळी एकतीस पानं दोनदा शोधली. विहिरीमागे पाहिलं, बाभळीखाली पाहिलं. कुठेच नाही. आणि शेवटच्या पानावर रंगुबाई झोपली आहे! एक शेळी बाहेर असताना तिला झोप कशी लागली? तिच्या ओच्यात एक खडा असणारच ना?

आईने विचारलं, पोट दुखतंय का? मी पोटाकडे बघितलंच नव्हतं, मी शेळी शोधत होते.

बाबांनी डब्यातला आमरस दोन वाट्या खाल्ला. मग वाटी चाटून मला म्हणाले, सतरा आठे एकशे छत्तीस. मी गुणाकार करून पाहिला आणि बरोबर म्हटलं. मग त्यांनी तिसरी वाटी घेतली.

माझी मागणी अशी आहे. दुसरी शेळी कुठे गेली ते चित्र काढून कळवावं. मेंढी कोणाची तेही कळवावं, तिच्या घरचे शोधत असतील. नवीन पान काढलंत तर त्याला सतरा नंबर देऊ नका, आजोबांचा हात सवयीचा आहे. शेळी आधी जवळून बघायची असेल, तर दिशा दाखवायला तयार आहे. त्या दिवशी मी शेजारी जाणार नाही.

तुमचा राग संपला असेल तर लोभ पाठवावा, आणि नसला तरी पाठवावा.
तुमची,
मैत्रेयी

ता. क. मुदत लिहायची राहिली. शुक्रवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. तुम्ही स्वतः आलात तरी उत्तर लेखीच हवं. जोडलेले हात चालणार नाहीत.