एका उन्हाळ्याचं शिसव

अण्णा, तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग उतरत नाही. मेलेल्या माणसावर, त्यातून बापावर, रागावू नये म्हणतात. मी रागावतो.

पाटलांची बंदूक आठवते ना? चकमकीच्या ठिणगीने उडणारी, त्यांच्या आजोबांच्या वेळची. नळी शाबूत, लाकडी दस्ता मात्र वाळवीने खाल्लेला. भातात डुकरं शिरतात आणि दसऱ्याला देवीपुढे बार काढायचा असतो, म्हणून ते विठ्ठलवाडीच्या पलीकडून टेंभी नाक्याला आपल्याकडे आलेले. तुम्ही त्यांच्या खांद्याला काठी लावलीत, कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलंत, गाल कुठे टेकतो ते पाहिलंत. "शिंप्याकडं आलो का सुताराकडं?" पाटील हसले. मग माझ्याकडे बघून, "यो पोर नुसता हिंडतो का?" तुम्ही म्हणालात, "लाकडाला वाळायला दोन उन्हाळे लागतात. याला दोन तास बसवत नाही." वीस वर्षांच्या माणसाला गिऱ्हाईकासमोर असं बोलतात का?

मग तुम्ही तापाने कल्याणला आत्याकडे महिनाभर पडलात आणि दस्ता मी केला. सगळा मी. माळ्यावर शिसवाचे ओंडके होते, चिरू नयेत म्हणून टोकांना शेण लिंपलेले, त्यातला एक काढला. नळीला काजळ फासायचं, लाकडात दाबायची, उचलायची, काळा डाग उमटेल तिथेच पटाशीने एक पापुद्रा काढायचा, पुन्हा काजळ. मी कुठे बसत नाही हे खरंय. मध्येच कळव्याला खाडीवर गळ टाकणारे बघायला गेलेलो, अख्खी दुपार गेली, एकाच्या गळाला तर जुना जोडाच लागला, ते राहू दे. पण परत येऊन बसलो. नळी अशी बसली की मध्ये केस जाईना. गालाच्या बाजूला मोर कोरला, मान मागे वळवलेला. तुम्ही आल्यावर त्या मोरावरून अंगठा फिरवलात. "ओंडका कुठला?" विचारलंत. "दोन उन्हाळ्यांचा," मी म्हणालो. एकाच उन्हाळ्याचा होता. जुन्या ओंडक्यांत गाठी होत्या, त्यांत मोर बसला नसता.

दसऱ्याला बार निघाला आणि दस्ता मानेत, मूठ धरतात तिथे, उभा चिरला. पाटील गालाला फडकं बांधून आले. "डोला जाता जाता वाचला माजा, सुतारा." तुम्ही चिरेत नख घालून पाहिलंत. ओलं लाकूड तुम्हाला कळलं नसेल असं मला सांगू नका. तरी शांतपणे म्हणालात, "माझा हात चुकला, पाटील. लाकूड मी निवडलं."

त्यानंतर एकही बंदूक दारात आली नाही. दोन वर्षं, मरेपर्यंत, तुम्ही पोळपाट केलेत. आत्या अजून सांगते, काय देवमाणूस होता. मला वाटतं, तुम्ही माझा मोर घेतलात. जन्मात एकच वस्तू मी पहिल्यापासून शेवटपर्यंत केली, तीही फुटकी, आणि ती तुमच्या नावावर गेली. चार लोकांत थोबाडीत मारली असतीत तर मी कारागीर झालो असतो. आता फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या छावणीसाठी खाटांचे पाय तासतो, यंदाचं हे माझं तिसरं दुकान.

दुकान विठ्ठलवाडीला, तिथून पाटलांचं घर जवळ, म्हणून गेल्या महिन्यात गेलेलो. म्हटलं, पाटील, तो दस्ता माझा होता. त्यांनी गालावरचा वण चोळला. "बापाची बाजू घेतोस, घ्यावीच. पन तो कबूल करून गेलाय. आता तू मधी पडू नको." वर जेवायला बसवलं. तुमचा शब्द एवढा पक्का, की माझा खरा शब्दही त्यापुढे खोटा ठरतो. काय करू सांगा.

हे पत्र टाकायला पत्ताच नाही, खिशात राहील. एक सांगायचं राहिलं. पाटील फडकं बांधून आले त्या दिवशी मी आतल्या दारामागे उभा होतो, तुम्हाला दिसतही असेन. तुम्ही "माझा हात" म्हणालात तसा मागच्या बाजूने निघालो आणि नाक्यावर बसून भजी खाल्ली. संपली तशी पुन्हा मागवली. चांगली लागली, अण्णा.