पिसाचे साल

मी, मोन्ना उल्दिना, पिसा शहराच्या किंझिका भागात राहणारी, दोरखंड वळणारे कै. जुंता यांची विधवा, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत पण डोके ठिकाणावर आहे, आणि पुढील व्यवस्था मी राजीखुशीने करीत आहे. लिहून घेणारे नोटरी सेर मेओ फ्लोरेन्सचे आहेत. फ्लोरेन्सवाल्यांनी आमचे शहर जिंकल्यापासून नोटरीही त्यांचेच.

कलम पहिले. नदीकाठचे राहते घर माझी मुलगी नेरा हिला मिळावे. माझा दीर पुच्चो याचा, माझे यजमान गेले त्या दिवसापासून, या घरावर डोळा आहे. त्याला उंबरठासुद्धा मिळू नये. फ्लोरेन्सच्या वेढ्यात आम्ही बायका टोपल्यांनी माती वाहून पडलेला तट भरत होतो, तेव्हा हा पाठ धरून अंथरुणात होता. तह झाला आणि पाठ बरी झाली.

कलम दुसरे. माझा मुलगा वान्नी त्याच तटावर गेला. मला त्याच्याशेजारी पुरावे, आणि मातीची ती टोपली माझ्यासोबत ठेवावी. तळ फाटला आहे, तरी ठेवावी.

कलम तिसरे. मिठाचा लाकडी डबा जावई बाल्दो याला. वेशी उघडल्या त्या दिवशी हा फ्लोरेन्सचा शिपाई पावाच्या गाडीवर उभा राहून आम्हा उपाशी लोकांना पाव वाटत होता. मी एक घास घेतला आणि ओरडले, "अरे, यात मीठ कुठंय?"

"मावशी, आमच्याकडे असाच करतात."

"म्हणून आमचा समुद्र हवा होता होय तुम्हाला! मागितलं असतंत तर वाटीभर दिलं असतं की!"

तो हसला आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या नेरालाही पाव दिला. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केले. मी लग्नाला गेले नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. पण मी अंथरुणाला खिळल्यापासून रोज सकाळी बाल्दोच मला उचलून खिडकीशी बसवतो. त्याच्यावरचा माझा राग गेला आहे. त्याच्या शहरावरचा आहे तसा आहे, हे वेगळे लिहावे.

कलमे संपली, आता तारखेचे भांडण. पिसाचे साल बापजाद्यांपासून फ्लोरेन्सच्या सालापेक्षा एकाने पुढे चालते. मी १५२३ सांगितले. सेर मेओंनी लेखणी खाली ठेवली.

"मोन्ना, बावीस लिहावं लागेल."

"तुमच्याकडे असेल बावीस. आमच्याकडे तेवीस चालू आहे."

"शेजारच्या तेसाबाईंचं काय झालं, आठवतंय ना?"

न आठवायला काय झाले! तेसाने मृत्युपत्रावर पिसाचे साल घातले आणि त्याच महिन्यात वारली. फ्लोरेन्सहून आलेल्या न्यायाधीशाने कागद वाचून विचारले, "बाई काय मेल्यावर वर्षभराने सही करायला उठल्या होत्या?" मृत्युपत्र रद्द झाले, घर दिराच्या घशात गेले. तिची मुलगी आता लोकांची भांडी घासते.

तोफा सोसल्या, उपास सोसले, वान्नीला माती दिली. शहर गेले तरी हे साल कोणाला नेता आले नव्हते, ते माझ्याच तोंडून द्यायचे जिवावर आले. नेरा दारात उभी होती.

"लिहा बावीस," मी म्हटले. "पण मोठ्यानं वाचून दाखवू नका."

वरील सर्व मला मान्य आहे. शेवटची ओळ सोडून मनापासून मान्य आहे.

मोन्ना उल्दिना (हातची खूण)

साक्षीदार: गाद्दो, नावाडी. बेत्तो, सुतार.

ठिकाण पिसा, १२ ऑक्टोबर १५२२.

जावई बाल्दो, हजर, स्वतःच्या हाताने लिहितो: मी जन्माने फ्लोरेन्सचा. सासूबाईंनी हे माझ्यासमोर केले, आणि आज पिसात १५२३ चालू आहे.