पोटातल्या जंतूंना न लागणारे स्मृत्यर्थ औषध

प्रति,
मा. मानद कार्यवाह,
श्री सिद्धनाथ धर्मादाय रुग्णालय विश्वस्त मंडळ,
सदर बाजार, झाशी.

विषय : रुग्ण श्रीमती अनुसूया टेंभे यांना देणगीतील औषधाऐवजी तपासणीत लागू ठरलेले औषध देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) जखमेतील पुवाचे तपासणी अहवाल, दि. ४ व ८ मार्च २०११.
२) मंडळाचा ठराव, दि. १० मार्च २०११.

महोदय,

मंडळाच्या घटनेप्रमाणे अर्ज मराठीतच स्वीकारला जातो, म्हणून मराठीत लिहीत आहे. आपले लिपिक रावतजी यांना मराठी वाचता येत नाही. तेव्हा हा अर्ज त्यांच्या टेबलावर न ठेवता आपण स्वतः वाचावा.

१. श्रीमती अनुसूया टेंभे ही माझी धाकटी बहीण. टहरौलीच्या शाळेतून ती शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. गेल्या महिन्याअखेर तिचे आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फुटले आणि आपल्या रुग्णालयात डॉ. सक्सेना यांनी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चांगली झाली. त्यानंतर जखम चिघळली, पोटात पू झाला आणि ताप चढला. तो अजून उतरलेला नाही. डॉक्टरांच्या मते तिला दुसरीकडे हलवणे धोक्याचे आहे, त्यामुळे मी आपल्या दारात आहे. एरवी नसतो.

२. पोटात ई. कोलाय नावाचे जंतू निघाले. कोणते औषध त्यांना मारते हे पाहण्याची रीत सोपी आहे. जंतू एका बशीत वाढवतात आणि त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. मेरोपेनेमभोवती असे वर्तुळ उमटले. सेफ्ट्रायॅक्झोनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढले. रुग्णालय माझ्या बहिणीला सेफ्ट्रायॅक्झोन देत आहे.

३. कारण हे औषध आपल्याकडे खोकी भरून पडले आहे. आपले वडील कै. रामकृष्णपंत यांच्या स्मृत्यर्थ आपण ते दिले. प्रत्येक खोक्यावर त्यांचे नाव आणि हसरी तसबीर आहे. हा साठा संपेपर्यंत त्या कामाचे दुसरे औषध वापरू नये, रुग्णाला बाहेरून आणू देऊ नये, असा नियम आपण केलात. मेरोपेनेम मी आणले आहे. ते माझ्या पिशवीत आहे. डॉ. सक्सेना म्हणतात, "रिपोर्ट बिल्कुल सही है, पर बाहर की दवा पर दस्तख़त कार्यवाहजी के चलते हैं, मेरे नहीं." वॉर्डातल्या सिस्टर दुर्गाजी म्हणतात, "भैया, हमें तो डिब्बेवाली ही लगानी है, आप ऊपर बात करो." वर म्हणजे आपण.

४. वर मी बोललो. आपण म्हणालात, "नीलकंठराव, बाबांच्या नावाची दवा आहे. इतक्या लोकांना लागली, तुमच्याच बहिणीला कशी लागत नाही? प्रसादाला कुणी नको म्हणतं का?" प्रसाद शिरेत टोचत नाहीत, एवढेच उत्तर मला त्या वेळी सुचले. आता थोडे अधिक सांगतो. रामकृष्णपंतांना मी ओळखत होतो. याच सदर बाजारात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. नंबर न जुळणारा चष्मा त्यांनी कधी कुणाच्या नाकावर चढवला नाही, आणि त्यात भावना दुखावण्यासारखे काही आहे असे त्यांच्या गिऱ्हाइकांना वाटल्याचे ऐकिवात नाही.

५. आपल्या कार्यालयाने प्रयोगशाळेला लिहिले की नमुना पुन्हा तपासावा, "शक्य तर अनुकूल निष्कर्षासह". नमुना पुन्हा घेतला गेला. जंतूंनी निष्कर्ष बदलला नाही. यावर रावतजींनी मला बाजूला घेऊन तोडगा सांगितला : "बाबूजी, बगलवाले पलंग के मरीज़ का सैंपल भेज देते हैं, उसको यही दवा लग रही है. काग़ज़ ठीक हो जाएगा." कागदाची प्रकृती सुधारण्याची ही कळकळ मी नोंदवून ठेवतो. माझी बहीण कागद नाही.

६. नंतर मंडळाची बैठक झाली आणि ठराव झाला : "दात्यांच्या कुटुंबाच्या भावना लक्षात घेता सदर औषध या रुग्णालयात परिणामकारक समजण्यात यावे, आवश्यकता भासल्यास मात्रा दुप्पट करावी." ठराव एकमताने संमत झाला. जंतू बैठकीस हजर नव्हते आणि ठरावाची प्रत त्यांना अद्याप मिळालेली दिसत नाही. मात्रा मात्र दुप्पट झाली. त्याच संध्याकाळी तापही वाढला.

७. काल रामकृष्णपंतांच्या पुण्यतिथीनिमित्त आपण वॉर्डात आलात. नव्या खोक्याला हार घातला, नारळ वाढवला. छायाचित्रकाराने अनुसूयेच्या हातात औषधाची बाटली दिली आणि "माताजी, थोड़ा मुस्कुराइए" असे सांगितले. अंग तापाने फणफणलेले असताना तिने मला विचारले, "दादा, हार कुणाला घालतायत रे? खोक्याला की मला?" मी खोक्याला म्हणून सांगितले. आपण मात्र हे छायाचित्र "लाभार्थी" म्हणून मंडळाच्या अहवालात छापणार असल्याचे समजते. वृत्तपत्राच्या रात्रपाळीत मी आयुष्य काढले. छायाचित्राखालची ओळ चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागे. या ओळीचा खुलासा कोण छापणार, ते कळवावे.

सबब विनंती अशी की आज संध्याकाळच्या मात्रेपासून देणगीतील औषध थांबवून मेरोपेनेम सुरू करण्याची लेखी परवानगी द्यावी. डॉ. सक्सेना तयार आहेत, सिस्टर तयार आहेत, औषध तयार आहे.

आपला वेळ वाचावा म्हणून दोन मसुदे तयार करून सोबत जोडले आहेत. पहिल्यात परवानगी आहे. दुसऱ्यात पुढील मजकूर आहे : "निष्प्रभ ठरलेले औषध या रुग्णाला चालू ठेवण्याचा निर्णय, दोन्ही अहवाल वाचून, मी स्वतः घेत आहे." दोन्हींखाली आपले नाव टंकलेले आहे. कोणत्याही एका मसुद्यावर सही करावी. तिसरा पर्याय, म्हणजे मंडळाची पुढली बैठक, माझ्या बहिणीला उपलब्ध नाही.

संध्याकाळची मात्रा सहाला असते. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर मी बसलो आहे.

सहीची वाट पाहणारा, आपला नम्र अर्जदार,
नीलकंठ गोपाळ मुंडले
(सेवानिवृत्त उपसंपादक)
झाशी, दि. १२ मार्च २०११

सोबत :
१) तपासणी अहवाल, दोन.
२) परवानगीचा मसुदा.
३) नकाराचा मसुदा, तीन प्रतींत : एक आपल्यासाठी, एक डॉक्टरांसाठी आणि एक, गरज पडलीच तर, कोतवालीतल्या पोलिसांसाठी.