पत्रूभाऊंच्या भिंतीवरची

३ नोव्हेंबर
आलापल्लीत आलो आणि एकदम खूश आहे! वखार छोटी, पण माझी. स्वतःच्या शिक्क्याचा हातोडाही करून घेतला. इथला साधा रिवाज: ओंडक्यावर ज्याचा शिक्का, त्याचं लाकूड. भांडीकुंडी लावायच्या आधी जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं भिंतीवर चढवली, सगळी सागाच्या चौकटींत. मधोमध लग्नातला दिव्यानीचा फोटो. बायको अजून चंद्रपूरलाच आहे. या मुखपृष्ठांवरच्या बायांना ती आपल्या सवती म्हणते.

६ नोव्हेंबर
शेजारी पत्रूभाऊ राहतात, म्हातारे सुतार. एकटेच, लग्न केलं नाही. त्यांनी चहाला बोलावलं. त्यांच्या भिंतीवर एकच मुखपृष्ठ आहे: उंबऱ्यात दिवा घेऊन उभी असलेली बाई. बाकी ना कॅलेंडर, ना देवाचा फोटो. रंग कालच छापल्यासारखे. घरी येऊन माझी भिंत पाहिली, तर सगळ्या बाया आजारी वाटल्या. जळलो, खोटं कशाला बोलू? रद्दीची दुकानं मी पालथी घातली आणि हिरा निघाला या म्हाताऱ्याकडे!

९ नोव्हेंबर
बदल्यात माझी अख्खी भिंत देऊ केली. भाऊ हसले. म्हणाले, "थे देनं माया हातात नाई, बाबू. तिले दुसरं कोनी खपत नाई." म्हाताऱ्याचा तोरा तर बघा! आज वखारीतलं गिऱ्हाईकही माझी चित्रं बघून म्हणालं, पत्रूभाऊची पाह्यली का? जेवण गोड लागलं नाही.

१२ नोव्हेंबर
भाऊ भाचीच्या लग्नाला मुलचेऱ्याला गेले, चावी माझ्याकडे ठेवून. भर दुपारी चौकट उतरवली. मागच्या फळीवर हातोडा मारला. शिक्का सुरेख उमटला. आता ती माझी. दिव्यानीशेजारी टांगली.

१३ नोव्हेंबर
माझ्या सगळ्या मुखपृष्ठांतले चेहरे कोरे झालेत. वाळवी म्हणावी, तर कागद शाबूत. काचेवरची धूळही तशीच. हिचे गाल मात्र लाल दिसतात. दिव्यानीचा फोटो पेटीत ठेवला.

१५ नोव्हेंबर
भाऊ परतले. चौकट घेऊन गेलो, पाया पडलो. त्यांनी मागची बाजू पाहिली आणि हात मागे घेतला. म्हणाले, "ज्याचा शिक्का, त्याचं लाकूड. आता थे तुयी हाये. मी लगन काऊन नाई केलं, समजलं आता?"
रंधा मारून शिक्का काढला. पुन्हा उमटला.
पेटीतल्या फोटोत नुसता शालू —
चौकट चुलीपाशी नेली. जाळवली नाही. लाज वाटते, पण अजूनही वाटतं, माझी आहे.

१६ नोव्हेंबर, सकाळ
दिव्यानीचा फोन. बसमध्ये बसली. येऊ नको म्हणालो. काऊन, कोन हाये तिथी, म्हणाली. हसत होती. मग हसायची थांबली. तिनंच फोन ठेवला.

दुपार
फाटक वाजलं. दिव्यानी हाका मारतेय. मी कडी लावून बसलोय. उघडणार नाही —
चौकटीत नुसता उंबरा. बाई नाही.
कडी काढल्याचा आवाज. मी तर इथं —
दिव्यानी विचारतेय, ताई, तुमी कोन —