भिंतीची उंचावरून मोजणी

तीर्थरूप काका,

नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल असं धरून चालते. काकूंनाही नमस्कार. घडलं ते असं:

१. रविवारी सकाळी पतंगाला कॅमेरा बांधून मी आपल्या दोन घरांमधल्या भिंतीचे फोटो काढले.
२. पहिली फेरी वाया गेली.
३. दुसऱ्या फेरीनंतर पतंग तुमच्या बंद घराच्या अंगणात पडला.
४. बाबा तो आणायला भिंतीवरून उतरले. पाय मुरगळला. हाड शाबूत आहे.

आता सविस्तर. फोटोवरून मापं काढायची तर जमिनीवर मोजलेल्या अंतरावर खुणा लागतात. मी आमच्या बाजूला तीन पांढऱ्या चादरी अंथरल्या (अंतरं तीनदा मोजली). पतंग साठ मीटरवर स्थिर झाला, तेवढ्यात आईने येऊन चादरी उचलल्या, झटकल्या आणि घड्या घातल्या. "धुतलेल्या चादरी मातीत! हेच शिकलीस का एवढी वर्षं?" चव्वेचाळीस फोटोंत आई अतिशय स्पष्ट आली आहे. दुसऱ्या फेरीला मी फाटकी पोती वापरली. त्यांना आईची हरकत नव्हती.

बाबांना परत चढता येईना आणि तुमच्या फाटकाला बाहेरून कुलूप. शिडी मिळेपर्यंत ते चाळीस मिनिटं तुमच्या पायरीवर बसून होते. भांडण झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, पहिल्यांदाच. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "त्याच्या चौकटीला वाळवी लागलीय. कळव त्याला. मी सांगितलं म्हणून नको."

निकाल: मागच्या टोकाला भिंत बावीस सेंटिमीटर तुमच्या हद्दीत आहे. "भिंत सरळ आहे, त्याची नजर वाकडी," असं अकरा वर्षं सांगणारे बाबा आकडा बघून म्हणाले, "पतंग हलत होता." मी सांगितलं, चूक फार तर तीन सेंटिमीटरची. "मग एकोणीस धर," म्हणाले.

आकडा पक्का करायला चौथी खूण तुमच्या अंगणात हवी. किल्ली घेऊन यावं. रविवारी वारा योग्य आहे.

तुमची पुतणी

ता. क. तीन खुणा पुरतात. बाबांना हे माहीत नाही. चौथीशिवाय काम अडलंय असं मीच सांगितलं आहे.

ता. क. २. सकाळपासून त्यांनी चारदा विचारलं, "पत्र टाकलंस का?" येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.