दवा निळीच ऱ्हायली

वैनी,

तुम्ही आडावर गेलाय आणि मला थांबायला येळ न्हाय. आल्याबरोबर बाळाला अंगावर घ्या, मग पुढचं वाचा.

कसूर माझी हाय, तुमच्या दुधाची न्हाय. परवा दवाखान्यात बाळाचं मूत निळ्या दवेत घालून म्याच तापवलं. दवा विटेसारखी लाल झाली, म्हणून मुतात साखर ठरली आणि बाळाला पचत न्हाय म्हणून तुमचं दूध तोडलं. सोताला कंपौंडर म्हणवतो, पण मूत कशात धरलं ते म्या इचारलं न्हाय! आज त्याच बाटलीत नुसतं पाणी घालून ते दवेत तापवलं, तर तेबी लाल. आईनं गुटीच्या मधाची बाटली विसळून दिली होती. मध तळाला तसाच.

सकाळी उकळलेल्या वाटीत धरलेलं मूत तीनदा तापवलं. दवा निळीच ऱ्हायली. डॉक्टरसायबांनी सोता बघितलं, पाजा म्हणाले.

आईला बोलू नका, तिला म्याच सांगीन.

तुम्हाला माहेरी धाडायचं म्हणून अण्णा तुमच्या वडलांना आणाया सोलापूरला निघालाय. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर त्याची गाडी झडतीला थांबंल. सायकलनं तिथं गाठतो.

पेटी भरली असंल तर लुगडी परत दांडीवर टाका.

वीरभद्र